गोवळकोंड्याचे हिरे

गोवळकोंड्यात हिऱ्याची एकही खाण नव्हती. हैदराबादच्या पश्चिमेचा हा किल्ला कुतुबशाहीची राजधानी होता आणि त्याच्याजवळच्या कारवान भागात जवाहिऱ्यांच्या पेढ्या होत्या. हिरे निघत ते तिथून पाच-सात दिवसांच्या वाटेवर, कृष्णा, तुंगभद्रा आणि पेन्ना या नद्यांच्या खोऱ्यांत. आजच्या आंध्र प्रदेशातले पालनाडू, कर्नूल, अनंतपूर हे भाग आणि तेलंगणाचा कृष्णाकाठ हा तो मुलूख. तिथला माल गोवळकोंड्याच्या बाजारात येई, पारखला जाई, भाव ठरे आणि मछलीपट्टण, सुरत किंवा गोव्याच्या वाटेने परदेशी निघे. खाणीची गावे गिऱ्हाइकांना माहीत नव्हती, म्हणून बाजाराचे नावच मालाला लागले.

१७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा देश भारतच होता. बोर्निओतून थोडेफार हिरे येत, पण ते नाममात्र. म्हणजे त्या काळापूर्वी रोमन अंगठीत, इराणच्या शहाच्या तुऱ्यात किंवा फ्रान्सच्या मुकुटात जो हिरा बसला, तो जवळजवळ खात्रीने भारतातल्या मातीतून निघालेला असे. या हिऱ्यांभोवती शाप, मूर्तीचे डोळे आणि चोऱ्यांच्या इतक्या कहाण्या जमल्या आहेत की खरा इतिहास त्यांच्याखाली दबून जातो. तो शोधण्याचे एकच भरवशाचे साधन आहे, ते म्हणजे वजन. मालक बदलतो, नाव बदलते. पण दगड ताजव्यात घालून कुणी त्याचे वजन आणि किंमत लिहून ठेवली असेल, तर त्याचा माग काढता येतो. जिथे अशी नोंद नाही, तिथे उरते ती बहुधा दंतकथाच.

वजनाचे हे महत्त्व जुन्या भारतीय ग्रंथकारांना चांगले ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगल्या वज्राची लक्षणे आहेत: जड, टणक, सारख्या कोपऱ्यांचा, भांड्यावर ओरखडा उमटवणारा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या किमतीचे कोष्टकच दिले आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ आणि वीस तांदळांच्या निर्दोष हिऱ्याची किंमत दोन लाख, असा त्याचा हिशेब. वजन उतरले की किंमत त्याहून वेगाने उतरते, हेही त्या कोष्टकात दिसते. त्याच वराहमिहिराने उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो असे लिहिले आहे, आणि ते साफ चूक आहे. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असतो. पुढच्या रत्नपरीक्षा-ग्रंथांत सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा असलेला हिरा आदर्श मानला आहे. ही अष्टफलक स्फटिकाची अचूक व्याख्या आहे. रंगावरून हिऱ्यांचे चार वर्णही ठरवले होते: पांढरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य, काळा शूद्र. समाजातली उतरंड दगडांवरही लादली गेली. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या अमलात वावरलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने चौदाव्या शतकाच्या आरंभी प्राकृतात रत्नपरीक्षा लिहिली, तोपर्यंत ही परंपरा चांगलीच मुरलेली होती.

खाणींविषयी मात्र हे ग्रंथ फारसे बोलत नाहीत. ती माहिती परक्या प्रवाशांकडून मिळते, आणि तीही सुरुवातीला चमत्कारांत गुंडाळलेली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मोटुपल्ली बंदरामागच्या राज्याचे वर्णन केले. तिथे एक राणी राज्य करते, असे तो सांगतो. ती काकतीय घराण्याची रुद्रमादेवी असावी. सापांनी भरलेल्या दरीत मांसाचे तुकडे फेकायचे, गरुड ते उचलून नेतात आणि मांसाला चिकटलेले हिरे माणसे घेतात, ही कहाणी त्याने रंगवून दिली. अशी कथा पश्चिम आशियात त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितली जात होती. पण त्याच प्रकरणात एक साधे वाक्य आहे: पाऊस ओसरला की डोंगरातल्या ओढ्यांच्या पात्रांत लोक हिरे वेचतात. खरी गोष्ट ती होती.

पंधराव्या-सोळाव्या शतकात हा मुलूख विजयनगरच्या ताब्यात होता. पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नांव नुनिश याने १५३०च्या दशकात लिहिलेल्या वृत्तांतानुसार वज्रकरूरच्या खाणी एका सरदाराकडे मक्त्याने होत्या. तो राजाला दरवर्षी ठरलेली रक्कम देई आणि वीस मांजलींहून (मांजली हे वजनाचे दक्षिणेतले माप) जड हिरा सापडला तर तो थेट राजाच्या खजिन्यात जमा करी. मोठा दगड राजाचा आणि बारीक माल व्यापाऱ्याचा, हा नियम पुढेही थोड्याफार फरकाने टिकला. याच व्यापारामुळे गोवा हे हिऱ्यांचे मोठे बंदर झाले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात हिऱ्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. हिऱ्याची पूड विषारी असते, बोकडाच्या रक्ताने हिरा मऊ पडतो, हे युरोपातले समज ओर्ताने खोडून काढले. डोळ्यांनी पाहिलेल्यावर भर देणारा हा वैद्य त्या काळात उठून दिसतो.

१५६५ मध्ये राक्षसतागडीची लढाई झाली, विजयनगर मोडले आणि हिऱ्यांचा मुलूख हळूहळू विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्यात वाटला गेला. कर्नूलजवळच्या खाणी विजापूरकडे होत्या, कृष्णेच्या उजव्या तीरावरचे कोल्लूर गोवळकोंड्याकडे. कोल्लूरनेच पुढे सगळ्यांना मागे टाकले.

कोल्लूरची खाण कशी सापडली याच्या दोन कथा आहेत. १६२०च्या सुमारास तिथे गेलेला इंग्रज वखारवाला विल्यम मेथवोल्ड लिहितो की एका शेळ्या राखणाऱ्याच्या पायाला चमकता दगड लागला आणि त्याने तो थोड्या तांदळावर देऊन टाकला. काही दशकांनी ज्याँ-बाप्तिस्त टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने ऐकले ते असे: गरीब शेतकरी भरड धान्याच्या पेरणीसाठी जमीन खणत असताना त्याला सुमारे २५ कॅरटांचा टोकदार दगड मिळाला आणि तो त्याने गोवळकोंड्याला नेला. दोघांच्या काळाच्या हिशेबातही मेळ नाही. मेथवोल्डने तिथे ३०,००० माणसे राबताना पाहिल्याचे लिहिले, टॅव्हर्निएने ६०,०००. कुणी शिरगणती केलेली नव्हती. पण एका ओसाड नदीकाठी गर्दी केवढी जमली होती, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

टॅव्हर्निए १६३८ ते १६६८ या काळात अनेकदा भारतात आला. तो स्वतः हिऱ्यांचा व्यापारी होता, त्यामुळे त्याचे लक्ष दरबारी थाटापेक्षा मातीवर, मजुरीवर आणि दस्तुरीवर जास्त होते. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनाइतके खाणींचे बारकाईचे चित्र दुसरीकडे नाही. कोल्लूरला काम सुरू होण्याआधी मालक आपल्या इष्टमित्रांसह जागेवर येई, देवाची मूर्ती मांडून पूजा होई, ब्राह्मण सर्वांच्या कपाळी केशराचा टिळा लावून त्यावर सात-आठ अक्षता चिकटवी आणि मग पंगत बसे. शेजारीच एक मोठे अंगण सपाट करून त्याभोवती हातभर उंचीची भिंत घालत. पुरुष खणत, बायका आणि मुले माती वाहून त्या अंगणात टाकत. दहा-चौदा फुटांवर पाणी लागले की खणणे थांबे. तेच पाणी घड्यांनी उपसून मातीवर ओतत आणि एक-दोन दिवस तिचा चिखल होऊ देत. भिंतीच्या तळाशी ठेवलेली भोके उघडली की गढूळ पाणी वाहून जाई. असे पुन्हापुन्हा केल्यावर खाली वाळू उरे. ती उन्हात वाळवून सुपांत पाखडत, ढेकळे लाकडी मुसळांनी फोडत आणि शेवटी सगळे मजूर ओळीने बसून हातांनी वाळू चाळत. या सगळ्या कामात यंत्र नव्हते, सुरुंगही नव्हता. खळ्यावर धान्य काढणाऱ्या शेतकऱ्याची अवजारे इथे हिरा काढत होती.

रावलकोंड्याच्या खाणीची तऱ्हा वेगळी. हे ठिकाण बहुतेक अभ्यासकांच्या मते कर्नूलजवळचे रामल्लकोटा. तिथे खडकातल्या अर्ध्या ते एका बोटाएवढ्या रुंद फटींत हिऱ्याची माती असे. ती वाकड्या टोकाच्या लोखंडी सळ्यांनी उकरून काढत, आणि सळी आत जावी म्हणून खडकावर घणाचे घाव घालत. त्या हादऱ्याने हिऱ्याला आतून भेगा पडत. असा भेगाळलेला दगड टिकणार नाही हे ओळखून कारागीर तो पटकन चिरून टाकत. कोल्लूरच्या ओल्या मातीतले हिरे मोठे आणि अखंड निघण्याचे एक कारण हेच असावे.

मजुरीचे आकडे वाचण्यासारखे आहेत. कामात तरबेज माणसालाही वर्षाला तीन होन, म्हणजे सोन्याची तीन नाणी, मिळत. उलट, खाणमालकाने पन्नास माणसे लावली तर त्याला सरकारला रोजचे दोन होन भरावे लागत, शंभर लावली तर चार. वर्षभर काम चालले असे धरले, तर पन्नास मजुरांच्या मजुरीला १५० होन आणि सरकारी पट्टीला सातशेहून जास्त. शिवाय प्रत्येक खरेदीवर दोन टक्के. म्हणजे या धंद्यात सर्वांत स्वस्त होता तो माणूस. मग चोरी होणारच. पन्नास मजुरांवर नजर ठेवायला बारा ते पंधरा पहारेकरी असत, मजूर जवळजवळ उघड्या अंगाने काम करत, तरी हिरे गिळले जात. एकाने डोळ्याच्या कोपऱ्यात हिरा लपवला होता, असेही टॅव्हर्निएला सांगण्यात आले. मोठा दगड सापडून तो इमानाने दिला तर मजुराला बक्षीस मिळे. जगातले सर्वांत प्रसिद्ध हिरे ज्यांनी मातीतून उचलले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठल्या कागदात नाही.

खाणीवरच्या बाजाराचे टॅव्हर्निएने केलेले वर्णन तर चकित करणारे आहे. रावलकोंड्याच्या चौकात एका झाडाखाली रोज सकाळी दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले येऊन बसत. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत थोरल्या मुलाच्या हाती जाई. तो बघून शेजारच्याला देई आणि एकही शब्द न बोलता हिरा पुन्हा पहिल्याकडे येई. मग थोरला भाव करी, आणि त्याने महाग घेतला तर तोटा त्याचा. संध्याकाळी सगळा माल एकत्र करून ही मुले त्याची प्रतवारी लावत आणि बड्या व्यापाऱ्यांना विकत. नफा सारखा वाटला जाई. थोरल्याला तेवढा पाव टक्का जास्त. पारख पुस्तकातून नव्हे तर हातातून शिकवण्याची ही रीत होती.

बड्यांचा सौदा याहून गुपचूप होई. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, एकाने आपला शेला उलगडून दुसऱ्याच्या हातावर टाकला की त्याच्या आड बोली चाले. अख्खा हात धरला तर हजार, पाचही बोटे धरली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि नुसते टोक म्हणजे दहा. खोलीत इतर व्यापारी बसलेले असले तरी भाव कुणाला कळत नसे, आणि तोच हिरा दिवसभरात दोन-तीनदा वेगवेगळ्या भावाने विकला जाऊ शके. महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारे व्यवहार आणि बाजार समित्यांनी बंद पाडायचा प्रयत्न केलेली हत्ता पद्धत याच जातीची.

वजनाचे माप मात्र गोंधळाचे होते. दक्षिणेत मांजली चाले. लालभडक, चपट्या बियांच्या ज्या झाडाला मराठीत थोरली गुंज म्हणतात, त्याची बी हे मुळातले माप. टॅव्हर्निएच्या हिशेबाने गोवळकोंड्याची मांजली सुमारे १⅜ कॅरट, रावलकोंड्याची १¾ कॅरट. मोगल दरबारात रती चाले, ती ⅞ कॅरट. खुद्द कॅरटही गावोगाव वेगळा होता. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट विसाव्या शतकात आला. जुन्या हिऱ्यांच्या ओळखीबद्दलचे निम्मे वाद या मापांच्या घोळातून निघाले आहेत.

या बाजारातून वर आलेला सर्वांत बडा माणूस म्हणजे मीर जुमला. इराणातल्या अर्दिस्तानचा मीर मुहम्मद सईद गोवळकोंड्यात आला, हिऱ्यांच्या धंद्यात शिरला, खाणी मक्त्याने घेतल्या आणि अब्दुल्ला कुतुबशहाचा वजीर झाला. कर्नाटकाच्या मोहिमेत त्याने गंडिकोट्यापर्यंतचा हिरेमुलूख जिंकला. त्याचे हिरे पोत्यांनी मोजावे लागतात, असे समकालीन प्रवासी म्हणत. मालकाशी बिनसल्यावर तो औरंगजेबाला जाऊन मिळाला आणि १६५६ मध्ये त्याने शाहजहानला एक प्रचंड हिरा नजर केला. गोवळकोंड्याच्या गळ्याला मोगली फास लागण्यात या वजिराचा वाटा मोठा आहे.

बादशाही खजिन्यातला सर्वांत मोठा हिरा टॅव्हर्निएने २ नोव्हेंबर १६६५ रोजी औरंगजेबाच्या दरबारात हातात घेऊन पाहिला. मधोमध कापलेल्या अंड्याचा आकार आणि वजन ३१९½ रती, म्हणजे सुमारे २८० कॅरट. कोल्लूरला सापडला तेव्हा तो ९०० रती, म्हणजे ७८७ कॅरटांहून जास्त होता. व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओ या कारागिराने तो चिरून दोष काढण्याऐवजी घासत नेला आणि जवळजवळ दोनतृतीयांश हिऱ्याची पूड केली. मजुरी राहिली बाजूला, बादशहाने त्यालाच १०,००० रुपये दंड केला. हा ‘ग्रेट मोगल’ पुढे कुठे गेला? मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये अर्ध्या अंड्याच्या आकाराचा १८९.६२ कॅरटांचा ऑर्लोव्ह हिरा आहे. काउंट ग्रिगोरी ऑर्लोव्हने तो ॲमस्टरडॅममध्ये विकत घेऊन १७७४ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनला दिला. आकार जुळतो म्हणून बरेच अभ्यासक दोन्ही एकच मानतात. दुसरीकडे, हाच ऑर्लोव्ह श्रीरंगमच्या मूर्तीतून एका फ्रेंच शिपायाने चोरला, अशीही कहाणी सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे अवघड आहे, आणि पहिलीच्या बाजूने निदान आकार तरी आहे.

नोंदी असल्या की काय साधते, ते निळ्या हिऱ्यावरून कळते. टॅव्हर्निएने भारतातून नेलेला सुमारे ११५ कॅरटांचा निळा हिरा चौदाव्या लुईने विकत घेतला आणि १६७३ मध्ये तो ६९ कॅरटांपर्यंत कापून घेतला. सप्टेंबर १७९२ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, फ्रेंच राजरत्ने चोरीला गेली आणि हा हिरा नाहीसा झाला. १८१२ मध्ये लंडनमध्ये ४५.५२ कॅरटांचा एक निळा हिरा अचानक दिसू लागला. पुढे तो हेन्री फिलिप होप या श्रीमंताकडे आला आणि होप हिरा म्हणून गाजला. एकाचाच दुसरा झाला हा तर्क जुना होता. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २००७ मध्ये फ्रेंच निळ्या हिऱ्याचा शिशाचा साचा सापडला आणि होप त्यात नेमका बसतो हे सिद्ध झाले. या हिऱ्याचा प्रसिद्ध शाप मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांनी आणि विक्रेत्यांनी वाढवलेला. हॅरी विन्स्टन या न्यू यॉर्कच्या जवाहिऱ्याने १९५८ मध्ये तो स्मिथसोनियन संस्थेला दिला, आणि पाठवला साध्या रजिस्टर्ड टपालाने.

रीजंट हिऱ्याचा तर खरेदीचा भावही उपलब्ध आहे. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याच्याकडे १७०१ मध्ये जमचंद नावाचा व्यापारी ४१० कॅरटांचा कच्चा हिरा घेऊन आला. मागणी दोन लाख होनांची होती. घासाघीस होत सौदा ४८,००० होनांवर तुटला. लंडनमध्ये त्याला पैलू पाडायला दोन वर्षे लागली आणि तो १४०.६४ कॅरटांचा उतरला. १७१७ मध्ये फ्रान्सचा राजप्रतिनिधी, ऑर्लीन्सचा ड्यूक फिलिप, याने तो १,३५,००० पौंडांना घेतला. खाणीतल्या गुलामाने मांडीच्या जखमेत हिरा लपवून पळवला आणि जहाजाच्या कप्तानाने त्याला समुद्रात बुडवले, ही कुजबुज पिटला आयुष्यभर छळत राहिली. पैसा मात्र टिकला. याच घराण्यातून पुढे ब्रिटनचे दोन पंतप्रधान झाले. रीजंट आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

त्या मानाने कोहिनूरचा पूर्वेतिहास विरळ आहे. बाबराने १५२६ मध्ये आग्र्याला मिळालेल्या ज्या हिऱ्याचा उल्लेख केला तो हाच, असे पुष्कळदा म्हटले जाते, पण पुरावा नाही. खात्रीची वाट सुरू होते ती १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटल्यावर. पुढे अहमदशहा अब्दाली, त्याचा नातू शाह शुजा, १८१३ मध्ये रणजितसिंह आणि १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने इंग्रज. १८५२ मध्ये लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले आणि १८६ जुन्या कॅरटांचा कोहिनूर १०५.६ कॅरटांवर आला. भारतीय कारागीर दोष झाकायला बारीक पैलू पाडून वजन राखत. युरोपीय कारागीर वजन खर्चून झगमगाट मिळवत. कोण बरोबर हा रुचीचा प्रश्न आहे, पण पुनर्घडणीत इतिहास पुसला जातो एवढे नक्की. इराणमधला फिकट गुलाबी दर्या-ए-नूर त्यामानाने सुदैवी. टॅव्हर्निएने १६४२ मध्ये पाहिलेल्या ‘ग्रेट टेबल’ या चपट्या हिऱ्याचाच तो भाग असल्याचे कॅनडाच्या तज्ज्ञांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले.

महाराष्ट्राशी थेट नाते सांगणारा दगड म्हणजे नाशिकचा हिरा. जगाच्या बाजारात तो ‘नासक’ म्हणून ओळखला जातो. गोवळकोंड्याच्या मुलखातून तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाकडे आला, एवढे मानले जाते. कधी आणि कुणी वाहिला याचा कागद नाही. पाश्चात्त्य जाहिरातींत त्याला पंधराव्या शतकापासून ‘शिवाचा डोळा’ ठरवून टाकले आहे, पण त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले आणि ते १७८६च्या सुमारास पुरे झाले. पेशवाईच्या काळात तो वाहिला गेला असण्याचा संभव त्यामुळे कमी नाही. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडाली, तेव्हा हा सुमारे ९० कॅरटांचा हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यामार्फत तो गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून लंडनला गेला.

लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो ३,००० पौंडांना घेतला आणि मूळ आकार फारसा न बिघडवता ८०.५९ कॅरटांचा केला. १८३७ मध्ये लिलावात तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने ७,२०० पौंडांना घेतला. शतकभर तो त्या घराण्यात राहिला आणि मग पॅरिसमार्गे अमेरिकेत गेला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटांचा केला. १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या दगडाचा निम्म्याहून कमी भाग आज शिल्लक आहे. कोहिनूर परत आणण्याच्या मागणीवर जितके बोलले जाते, त्याच्या शतांशही नासकबद्दल बोलले जात नाही, हे मराठी माणसाला शोभणारे नाही.

१६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही संपली. खाणी लगेच बंद पडल्या नाहीत. लंडनचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे मद्रासला पाठवत आणि त्या बदल्यात हिरे नेत. हा व्यापार अठराव्या शतकातही जोरात होता. खरा घाव ब्राझीलने घातला. तिथला माल १७३०नंतर युरोपात येऊ लागला आणि भाव कोसळले. ब्राझीलचे हिरे हलके, ते भारतातलेच टाकाऊ हिरे आहेत, अशी आवई जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांनी उठवली. त्यावर तोड म्हणून पोर्तुगीजांनी ब्राझीलचे हिरे गोव्याला आणून भारतीय म्हणून विकले, अशी हकिकत सांगतात. त्या काळी गोवळकोंड्याच्या नावाला बाजारात किती किंमत होती, हे या हकिकतीवरून दिसते.

दख्खनवरच्या लढाया, लुटी आणि रिकाम्या होत गेलेल्या खाणी यांनी उरलेले काम केले. १८२०च्या दशकात हेन्री वॉयसी हा भूवैज्ञानिक या भागात फिरला, तेव्हा जुन्या ढिगाऱ्यांतली बारीक हिरकणी काही वर्षांनी वाढून मोठी होते, या समजुतीवर लोक तेच ढिगारे पुन्हा उपसत होते. पुढे कोल्लूर कुठे होते हेही विसरले गेले. टॅव्हर्निएच्या पुस्तकाचे भाषांतर करताना व्हॅलेंटाईन बॉल यांना १८८०च्या दशकात ते नव्याने निश्चित करावे लागले. कृष्णेकाठचे परिटाल आणि आसपासची काही गावे भोवताली इंग्रजी मुलूख असूनही शेवटपर्यंत निजामाकडे राहिली. हिऱ्यांवरचा हक्क राखण्यासाठीच ती सोडली नव्हती, असे मानले जाते. पण निजामाचा सर्वांत प्रसिद्ध हिरा गोवळकोंड्याचा नाहीच. १८९१ मध्ये सिमल्याच्या अलेक्झांडर जेकब या व्यापाऱ्याने निजाम मीर महबूब अलीखानांना विकू पाहिलेला आणि कोर्टापर्यंत गाजलेला, १८४ कॅरटांहून जड असा जेकब हिरा दक्षिण आफ्रिकेत सापडला होता. शेवटच्या निजामाने तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला होता, असे सांगतात. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाची जवाहिरे २१८ कोटी रुपयांना घेतली, त्यांत तो आला.

गोवळकोंड्याच्या उत्तम हिऱ्यांचे पाणी इतके निर्मळ का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. बहुतेक हिऱ्यांत थोडे नायट्रोजन असते आणि त्यामुळे पिवळसर छटा येते. कोहिनूर, रीजंट, दर्या-ए-नूर हे जवळजवळ नायट्रोजनरहित अशा ‘टाइप टू-ए’ गटातले आहेत. होपमध्ये बोरॉन असल्याने तो निळा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार असे मोठे, स्वच्छ हिरे पृथ्वीच्या पोटात ३६० ते ७५० किलोमीटर खोलीवर, वितळलेल्या धातूच्या सान्निध्यात तयार होतात. कृष्णेच्या वाळूत ते कुठल्या खडकातून आले, तो मूळ खडक मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.

आज लिलावात ‘गोवळकोंडा’ असे लिहिलेल्या प्रमाणपत्रावर जादा भाव मिळतो. ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे की प्रयोगशाळा हिऱ्यातले नायट्रोजन मोजू शकते, त्याचे गाव सांगू शकत नाही. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटांचा कलिनन हाही त्याच ‘टाइप टू-ए’ गटातला. जुने वजन, जुनी पावती किंवा जुनी घडण यांपैकी काही सोबत नसेल, तर ते नाव म्हणजे प्रतीचे वर्णन समजावे, जन्मगाव नव्हे.

कोल्लूरचा परिसर आता पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली गेला आहे. कर्नूल-अनंतपूर भागात जोन्नगिरी, तुग्गली, वज्रकरूर इथल्या शेतांत अजूनही पहिला पाऊस पडला की लोक हिरे शोधायला येतात आणि अधूनमधून एखाद्याला मिळतोही. संघटितपणे चालणारी मोठी खाण देशात एकच उरली, मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवांला. जगातल्या बहुसंख्य हिऱ्यांना पैलू आजही भारतातच, मुख्यतः सुरतेत पडतात आणि त्यांचा व्यवहार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात होतो. पण तो कच्चा माल येतो आफ्रिका, रशिया आणि कॅनडातून.